दोन डायलिसिसमधला गुरुवार

ताईला ज्वालामुखी बघायला जायचं होतं आणि त्यासाठी तिच्याकडं एकच दिवस होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचं डायलिसिस असायचं. सोमवारी इथं मशीनवरून उठायचं, रात्रीचं विमान धरायचं, मंगळवार प्रवासात घालवायचा, बुधवारी तिकडच्या दवाखान्यात मशीनला लागायचं. शुक्रवारी पुन्हा तेच, आणि लगेच परत. राहिला मधला गुरुवार. त्या गुरुवारी सकाळी निघून डोंगरावर जायचं, ज्वालामुखी बघायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं. हे सगळं तिनं शाळेच्या जुन्या वहीत, निळ्या पेनानं, तासातासानं लिहून काढलं होतं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. परंड्याच्या एका हायस्कुलात बावीस वर्षं भूगोल शिकवत होती. तिचं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि पुन्हा तो विषय तिनं कुणाला काढू दिला नाही. आमचे वडील कालव्यावर चौकीदार होते. ते गेले तेव्हा मी दहावीत होते. मला नर्सिंगला घातलं ते ताईनं. आज मी एका उपकेंद्रात सिस्टर आहे ती तिच्यामुळं. तिच्या किडन्या गेल्या त्या ब्लडप्रेशरनं. मी वाड्यावस्त्यांवर फिरून दर गरोदर बाईचं प्रेशर मोजत होते, पण सख्ख्या बहिणीच्या दंडाला पट्टा कधी बांधला नव्हता. ती डोकं दुखतंय म्हणायची आणि मी गोळी द्यायचे. माझी किडनी द्यायचं ठरवलं तर तपासणीत मलाच साखर निघाली. डॉक्टरांनी नकार दिला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा एसटीनं बार्शी. जमेल तेव्हा मी सोबत जायचे, नाहीतर ती एकटी.

मशीनवर चार तास पडून राहावं लागतं. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यामुळं हात हलवायचा नाही. ताई उजव्या हातात मोबाईल धरून व्हिडिओ बघायची. असंच एका दुपारी तिला तो डोंगर दिसला. जावा बेटावरचा, उंच पठारावरचा, गावापासून लांब. एका मोठ्या खड्ड्यात राखेचं सपाट मैदान, त्याच्या मधोमध डोंगर, आणि त्याच्या तोंडातून सतत धूर.

"हे बघ," तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "उतारावर काय लावलंय सांग."

मी बघितलं. हिरव्या पट्ट्या दिसत होत्या.

"कांद्याची पात हाय. आणि तो कोबी. ज्वालामुखी पेटलेला, आणि बायका बुडाला खुरपतायत."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "बावीस वर्षं मी पोरांना सांगतीय, आपली काळी माती लाव्हाची हाय. किल्ल्याचा दगड लाव्हाचा, विहिरीचा दगड लाव्हाचा. लाल खडूनं फळ्यावर डोंगर काढायचा, वर धूर काढायचा, तास संपला की पुसायचा. मी एकदा तरी बघायला नको का?"

"बघू की," मी म्हणाले.

आजारी माणसाला म्हणतात तसं म्हणाले. तिनं ते खरं धरलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं पासपोर्टचा अर्ज भरला. चौकशीला पोलीस घरी आला, चहा प्याला आणि विचारलं, "बाई, तब्येत अशी असताना कशाला जाताय बाहेर? इलाज करायला का?" ताई म्हणाली, "इलाज हितंच चालूय. तिकडं डोंगर बघायला चाललेय." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच त्याला सांगितलं, जाऊ द्या. ती खूण मला आजही आठवते, कारण पुढं मी जे केलं त्याची सुरुवात तिथं होती.

वही भरत चालली. त्या डोंगराखालच्या शहरातल्या एका दवाखान्यात बाहेरच्या देशातल्या लोकांना डायलिसिस मिळतं, हे तिनं शोधून काढलं. तिथून डोंगरापर्यंत गाडीला किती वेळ लागतो, राखेच्या मैदानातून जीप कुठपर्यंत जाते, पुढं घोडा मिळतो आणि घोडा जिथं थांबतो तिथून तोंडापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, हे सगळं तिनं लिहिलं. दिवसभराच्या पाण्याचा हिशेब लिहिला. तिला घोटाघोटानं पाणी मोजून प्यावं लागायचं. राखेनं घसा कोरडा पडेल म्हणून सकाळचा चहा बंद, ते पाणी वरच्यासाठी राखून ठेवायचं. एकदा म्हणाली, "एक बरं हाय. बायकांना प्रवासात जी अडचण असती ती मला न्हाय. लघवीच होत न्हाय." असं म्हणून ती स्वतःच खूप हसली. मला हसू आलं नाही.

मग ती पायऱ्यांचा सराव करायला लागली. किल्ल्यात बुरुजावर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, तिथं मंगळवारी संध्याकाळी जायची. एकदा तिला न सांगता मी मागून गेले. ती एक हात भिंतीला लावून चढत होती आणि मोठ्यानं मोजत होती. चाळिसाव्या पायरीवर बसली. ओठ निळसर झाले होते. पाच मिनिटांनी उठली आणि पुन्हा एकेचाळीसपासून सुरू. मी तशीच मागं फिरले. तिचं हिमोग्लोबिन तेव्हा आठ होतं. एवढ्या उंचीवर या रक्तावर तिला काय होईल हे मला कळत होतं. घोड्यावरून उतरताना कोसळली तर? परक्या मुलखात, ज्यांची भाषा येत नाही अशा माणसांत, मी एकटी काय करणार होते?

जानेवारीत तिनं माझ्यावर एक काम सोपवलं. दवाखान्याला ईमेल करायचा, सोबत तिचे सगळे रिपोर्ट जोडायचे. "तुला रिपोर्टातलं कळतं," ती म्हणाली. "तू नीट लिहिशील. एप्रिलमधलं बघ. परीक्षेच्या आधी मला रजा मिळंल."

मी फाईल घरी आणली. रिपोर्टांचे फोटो काढले. मजकूर लिहिला. आणि पाठवला नाही.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "गेला का?"

"गेला," मी म्हणाले.

त्यानंतर पाच आठवडे ती दर एक-दोन दिवसांनी विचारायची आणि मी सांगायचे की अजून उत्तर नाही. परदेशातले दवाखाने, वेळ लावतात. कधी म्हणायचे, सुट्टी असेल त्यांची. एकदा तर म्हणाले की त्यांनी आणखी एक रिपोर्ट मागितलाय. तो रिपोर्ट काढायला ताईनं पुन्हा रक्त दिलं. मी ते देऊ दिलं.

मी स्वतःला समजावत होते की यात वाईट काही नाही. तिला काहीतरी धरून राहायला मिळालंय, वही आहे, पायऱ्या आहेत, चेहऱ्यावर तजेला आहे. आशेवर माणूस जगतं. कधीतरी ती आपणहून थकेल आणि विषय संपेल. माझ्या नवऱ्यालाही मी हे सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी आम्ही बार्शीहून परत येत होतो. डायलिसिसनंतर ती नेहमी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायची. त्या दिवशी डोळे उघडे होते. गाडी बार्शीच्या बाहेर पडली तशी ती म्हणाली, "काल मी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना सांगून दवाखान्याला ईमेल केला. मागच्या ईमेलचं काय झालं म्हणून विचारलं."

मी तिच्याकडं बघितलं.

"आज सकाळी उत्तर आलं. एका दिवसात. त्या बाईनं लिहिलंय, तुमच्याकडून याआधी आम्हाला काहीच आलेलं न्हाय."

मी बाहेर बघत राहिले. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"तू पाठवलाच न्हाईस."

"न्हाय."

"का?"

"ताई, तुला झेपणार न्हाय ते. मी सिस्टर आहे, मला कळतं. तुला वर काय झालं असतं तर..."

"मग तसं सांगायचं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "झेपणार न्हाय म्हणायचं. मी भांडले असते तुझ्याशी. डॉक्टरकडं गेलो असतो. त्यांनी न्हाय म्हटलं असतं तर घरी येऊन रडले असते. ते माझं मी बघितलं असतं. तू मला खेळणं दिलंस. लेकरू रडू नये म्हणून खुळखुळा देतात तसं."

"चुकलं माझं."

"ते रक्त कशाला काढायला लावलंस?"

कंडक्टर तिकिटाला आला. मी दोन तिकिटं मागितली. ताईनं त्याला थांबवलं आणि स्वतःचं तिकीट स्वतः काढलं.

पुढचे दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डायलिसिसला एकटी गेली. मी बसस्टँडवर जाऊन उभी राहायचे, ती माझ्या समोरून गाडीत चढायची. अकराव्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेले तर ती चुलीजवळ बसून, तांदूळ शिजवून त्याचं पाणी काढून टाकत होती. तिला तसाच भात चालायचा. मी म्हणाले, "सगळे रिपोर्ट पाठवले. तुझ्या नावानं, तुझ्या ईमेलवरून. हे बघ." तिनं मोबाईल घेतला आणि शेवटपर्यंत वाचलं. एक स्पेलिंग चुकलं होतं ते दाखवलं. मग म्हणाली, "बस. भात खाऊन जा."

आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ताईचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते उडवून लावतील. तसं झालं नाही. ते म्हणाले, "धोका आहे, मॅडम. मी नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. हिमोग्लोबिन दहाच्या वर आणा. पाणी सांभाळा. पायऱ्या चढायच्या नाहीत, घोडा थांबतो तिथून बघायचं. एवढं कबूल असेल तर मी पत्र देतो."

"कबूल," ताई म्हणाली. बाहेर आल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "हेच तू मला जानेवारीत ऐकू दिलं न्हाईस."

तिकडच्या दवाखान्याचं उत्तर आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडं एक मशीन मोकळं होतं, ते आता दुसऱ्या कुणाला दिलं होतं. पुढची जागा मेच्या दुसऱ्या आठवड्यात. ताईनं वहीतल्या तारखा खोडल्या आणि बाजूला नव्या लिहिल्या. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

इंजेक्शनं सुरू झाली. हिमोग्लोबिन साडेनवावर आलं. मार्चभर ती खरंच बरी दिसत होती. गुरुवारी नववीच्या वर्गावर जायची, उभं राहून तास घ्यायची.

ज्यांचं डायलिसिस चालू असतं त्यांच्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याला सगळे फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती थरथर म्हणजे हात जिवंत आहे. ताई रोज उठल्याबरोबर आधी तिथं बोटं ठेवायची. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी तिचा फोन आला.

"हात गप झालाय," ती म्हणाली.

मी धावत गेले. बोटं ठेवली, कान लावला, माझा स्टेथोस्कोप लावला. आत काही नव्हतं. रक्ताची गाठ झाली होती. आम्ही सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी गाठ काढायचा प्रयत्न केला, पण ती वाट पुन्हा चालू झाली नाही. मानेतून नळी टाकली आणि डायलिसिस त्या नळीतून सुरू झालं. उजव्या हातात नवी वाट करायची, ती तयार व्हायला दोन महिने लागणार होते.

खाटेवर पडल्या पडल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "मानेच्या नळीनं तिकडं डायलिसिस करतात का?"

"करतात," मी म्हणाले. "पण या नळीत जंतू जायची लई भीती असते. प्रवास, धूळ, राख. डॉक्टर न्हाय म्हणाले."

"तू विचारलंस?"

"विचारलं."

"खरं?"

"ताई, खरं. ते आता राऊंडला येतील तेव्हा तुझ्यासमोर विचारते."

ते आल्यावर मी तिच्यासमोर पुन्हा विचारलं. ते म्हणाले की या नळीवर अजिबात नाही, नवा हात तयार झाल्यावर बघू. ताईनं मान हलवली. डॉक्टर गेल्यावर तिनं माझा हात धरून ठेवला. तिनं पाच आठवड्यांचा हिशेब मनात केला होता की नाही, मला माहीत नाही. मी केला होता. जानेवारीत ईमेल गेला असता तर एप्रिलचं मशीन आमचं असतं. हात गप झाला तेव्हा आम्ही जाऊन आलेलो असतो. कदाचित वाटेतच काही झालं असतं. कदाचित तिनं घोड्याजवळ उभं राहून तो धूर बघितला असता. यातलं काय झालं असतं ते मला कधीच कळणार नाही आणि ते न कळणं मीच माझ्या हातानं करून ठेवलंय.

आम्ही ऑगस्टची तारीख मागितली. त्यांनी दिली. ताईनं वहीत पुन्हा तारखा खोडल्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बार्शीला मशीनवर असताना तिला हुडहुडी भरली. आधी वाटलं एसीची थंडी असेल. मग दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. नळीतून जंतू रक्तात गेले होते. नळी काढली, सोलापूरला हलवलं, अतिदक्षता विभागात ठेवलं. मी नर्स असल्यामुळं मला आत थोडा जास्त वेळ थांबू द्यायचे. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, "पाणी दे."

मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी हातानंच खूण केली, द्या. त्या खुणेचा अर्थ मला लगेच कळला. इतक्या महिन्यांत तिला पाणी मोजल्याशिवाय कुणी दिलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडावर आलं होतं, काही नाही, बरी होशील. मी थांबले.

"प्रेशर राहत न्हाय म्हणतायत. औषधं लागू पडत न्हायत. आजचा-उद्याचा दिवस अवघड हाय."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." थोड्या वेळानं म्हणाली, "नववीचे पेपर कपाटात हायेत. तपासलेत, मार्क भरायचे राहिलेत. तेवढे शाळेत दे." मग पुन्हा पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

परंड्याला आणलं. विहारातली माणसं आली, वंदना झाली, तिच्या शाळेतले सगळे शिक्षक आले. जो तो मला म्हणत होता, "तुम्ही लई केलं ताईचं. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं." मी हात जोडत होते.

पंधरा दिवसांनी मी तिकडच्या दवाखान्याला लिहिलं की ऑगस्टची जागा सोडून द्या, पेशंट वारली. त्या बाईनं लगेच उत्तर पाठवलं. वाईट वाटलं असं लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला यायचं असेल तर हॉटेलची माहिती पाठवू का? मी नको म्हणून कळवलं. मला जायचं नाही. ती तिची वाट होती.

ईमेलची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली ती मागच्या महिन्यात. तो म्हणाला, "तू तिच्या भल्यासाठीच केलं." तो प्रेमानं बोलला. मी उठून बाहेर गेले. त्याच्याकडून मला काय ऐकायचं होतं कुणास ठाऊक, पण हे नव्हतं.

माझ्या हद्दीतल्या एका वस्तीवर एक म्हातारी आहे. पोटात गाठ आहे, कॅन्सरची, पसरलेली. तिच्या सुनेनं मला अंगणातच गाठलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, तुमी आईला आल्सर म्हणून सांगा. आमी तेच सांगितलंय. त्यांना कळलं तर हाय खातील."

मी म्हणाले, "मी आपणहून काही सांगणार न्हाय. पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार न्हाय."

सून चिडली. "तुमाला काय जातंय? घर आमचं हाय."

तेव्हापासून मी गेले की ती दारातच उभी राहते. मला म्हातारीजवळ एकटं सोडत नाही. मी प्रेशर बघते, पोट बघते, दुखायची गोळी देते. म्हातारी माझ्या तोंडाकडं टक लावून बघते, मग सुनेकडं बघते. अजून तिनं मला काही विचारलेलं नाही.